नवं पिल्लू घरात आणताना आधी जुन्याकडे बघा

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आणि चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आहे. परवाच्या पावसात मुलीला पार्किंगमध्ये मांजराचं तीनेक महिन्यांचं पिल्लू सापडलं. घरी आणल्याबरोबर ते बोक्यासमोर ठेवलं. बोका फिसकारला, त्याने पंजा मारला आणि तेव्हापासून तो पलंगाखाली बसून आहे. काल सकाळपासून नीट खाल्लेलं नाही, गादीवर दोनदा लघवी केली. पिल्लू दुसऱ्या खोलीत आहे आणि कुत्री त्या दाराच्या फटीला नाक लावून बसते. सासूबाई म्हणतात, एकदा भांडू द्या, आपोआप जमेल. पिल्लू ठेवायचं की दुसरीकडे द्यायचं?

ताई, पिल्लाचा निर्णय आज घेऊ नका. आज बोक्याला डॉक्टरांकडे न्या.

बोक्याने ट्रे सोडून भलतीकडे लघवी केली की घरचे म्हणतात, रुसलाय. रुसवा असेलही, पण ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला खरोखर सूज येते. बोक्याची मूत्रनलिका मुळात अरुंद असते; सूज, चिकट स्राव किंवा बारीक खडे यांनी ती बंद होऊ शकते. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन जोर करत असेल, थेंबथेंबच होत असेल, ओरडत असेल किंवा तीच जागा चाटत बसला असेल, तर सकाळची वाट बघू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा. पूर्ण अडलेली लघवी एक-दोन दिवसांत जीवावर बेतते. दुसरी गोष्ट खाण्याची. कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर फारसं बिघडत नाही, मांजराचं तसं नाही. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यातून होणारा आजार बरा करायला नाकातून किंवा गळ्यातून नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. अंगाने भरलेल्या मांजरांना हा धोका जास्त. तुमचा बोका फ्लॅटमध्ये वाढलेला आहे, तेव्हा वजनदार असणार असं मी धरून चालते.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो वाड्यातल्या किंवा गावाकडच्या मांजरांचा असावा. तिथे माळा होता, कौलं होती, परसदार होतं. दोन मांजरांचं पटलं नाही की एक जण उठून निघून जायचं. मांजर भांडण जिंकायला बघत नाही, टाळायला बघतं, आणि त्याच्याकडे टाळण्याचा एकच मार्ग असतो: तिथून निघून जाणं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो मार्ग बंद असतो. म्हणून तुमचा बोका पलंगाखाली गेला, आणि तिथून बाहेर आलं की पुन्हा तोच वास. मांजरांत 'एकदा भांडून मिटलं' असं सहसा होत नाही. पहिली भेट मारामारीची झाली की पुढच्या प्रत्येक भेटीला दोघंही तीच आठवण घेऊन येतात.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिल्यांदा हेच सांगते: नवं-जुनं जमवण्याचं काम नव्यापेक्षा जुन्या प्राण्याचं जास्त असतं. पिल्लाला अन्न, ऊब आणि कुशी मिळाली की ते रुळतं. जुन्याला मात्र रोजची जागा, रोजची वेळ, रोजचं माणूस, हे सगळं कोणीतरी वाटून नेल्यासारखं वाटत असतं. त्याचं काहीही कमी झालेलं नाही हे त्याला दिसलं पाहिजे. म्हणून वेग तो ठरवणार, आणि तुम्ही त्याच्या मागून चालणार. दोघं एकमेकांना चाटत झोपतील ही अपेक्षा तर आत्ताच सोडा. एका खोलीत दोन टोकांना निवांत पडून राहिली, तर तुमचं काम फत्ते झालं असं मी मानेन. पुष्कळ घरांत ते तिथेच थांबतं आणि सगळे सुखात असतात.

पिल्लू दुसऱ्या खोलीत आहे हे उत्तम, तिथेच राहू द्या. किमान दोन आठवडे. हे वेगळं ठेवणं निव्वळ स्वभावासाठी नाही, रोगासाठीही आहे. रस्त्यावरच्या पिल्लाला पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार असू शकतो, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडा-दीड आठवडा जाऊ शकतो. तोवर पिल्लू हसतंखेळतं दिसतं. बोक्याचं लसीचं कार्ड काढा. बूस्टर राहिला असेल तर आजच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. आजारी असताना लस द्यायची की थांबायचं हे त्यांना तपासून ठरवू द्या. पिल्लाला वेगळ्या वेळी न्या, दोघांना एका रिक्षात, शेजारी-शेजारी कॅरियरमध्ये नको. त्याचे जंत, पिसवा, कानातले किडे बघून घ्या. अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली तपासतात, पण सगळे चट्टे त्या दिव्याखाली चमकत नाहीत, म्हणून शंका असेल तर केसांची तपासणी मागा. हे माणसांनाही होतं, आणि मुली पिल्लाला गालाशी धरतात.

मुलीबद्दलच आणखी एक. पिल्लाने तिला चावलं किंवा ओरबाडलं असेल, कितीही छोटं असो, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू कुठून आलं, त्याला कोणी चावलेलं आहे का, आपल्याला ठाऊक नाही. रेबीजच्या बाबतीत 'बघू' हा शब्द नको.

पिल्लाच्या रक्ततपासणीचाही खर्च करा असं मी म्हणेन. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, एकाच ताटलीत खाण्यातून आणि एकमेकांना चाटण्यातून पसरतो; दुसरा, मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा एफआयव्ही, मुख्यतः चाव्यातून. दवाखान्यात थोड्या वेळात निकाल देणारी किट असतात. पिल्लू लहान असल्याने एफआयव्हीची चाचणी आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही पॉझिटिव्ह दिसू शकते. तसं झालं तर घाबरून त्याला बाहेर काढू नका, सहा महिन्यांचं झालं की पुन्हा करा.

त्या खोलीची भांडी, लिटरचा फावडा, पुसायचं फडकं वेगळं ठेवा. पिल्लाकडून बाहेर आलात की हात साबणाने धुवा, शक्यतो वरचा कपडा बदला. आणि फिनाइल बंद करा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोज फिनाइलने लादी पुसतात; मांजरं त्या लादीवरून चालतात आणि पंजे चाटतात. मांजराच्या यकृताला ही रसायनं पेलत नाहीत. शिवाय पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूवर फिनाइलचा भरवसाही नाही. तो खोलीत महिनोन् महिने तग धरतो आणि ब्लीचने मरतो: आधी घाण पुसून काढायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. पिल्लू तेवढा वेळ बाथरूममध्ये. मावशींना हे समजावून सांगा, आणि दाराचंही सांगा. इतक्या घरांत सगळं नीट चालू असताना केर काढायला दार उघडलं गेलं आणि आठवड्याची मेहनत गेली, की मी आता दारावर चिठ्ठी चिकटवायलाच सांगते.

बोका खायला लागला, लघवी नीट झाली, पलंगाखालून आपणहून बाहेर यायला लागला, की ओळखीला सुरुवात. त्याआधी नाही.

मांजर घरातला कोण आणि परका कोण हे वासावरून ठरवतं. ज्यांच्या घरी दोन मांजरं आहेत त्यांनी हे पाहिलं असेल: एकाला दवाखान्यात नेऊन आणलं की दुसरं त्याच्यावरच फिसकारतं, कारण चेहरा तोच असला तरी वास बदललेला असतो. म्हणून नजरानजर सगळ्यात शेवटी. एक मऊ सुती फडकं पिल्लाच्या गालांवरून, कानापुढच्या जागेवरून हलकेच फिरवा. तिथे त्यांच्या गंधग्रंथी असतात. ते फडकं बोक्याच्या नेहमीच्या वाटेवर, पण त्याच्या झोपायच्या आणि जेवायच्या जागेपासून लांब ठेवा. त्याने हुंगलं आणि पुढे गेला, छान. फिसकारला तरी काही बिघडलं नाही, फडकं तिथेच राहू द्या. ते उचलून त्याच्या नाकाशी मात्र नेऊ नका. बोक्याच्या गालावरून फिरवलेलं दुसरं फडकं पिल्लाच्या खोलीत ठेवा. तो पहिल्या फडक्याशेजारी बसून अंग चाटायला लागेपर्यंत रोज हे करत राहा.

मग जेवण. बंद दाराच्या अलीकडे बोका, पलीकडे पिल्लू. पहिल्या दिवशी बोक्याची ताटली दारापासून इतकी लांब, की तो मान वर न करता खाईल. तो जिथे थबकून दाराकडे बघतो, तिथून दोन पावलं मागे या. त्याच्या आवडीचं असेल ते, उकडलेल्या चिकनचे तुकडे म्हणा किंवा ओलं खाणं म्हणा, ह्याच वेळेसाठी राखून ठेवा. बाकी वेळी नाही. दाराच्या त्या वासाबरोबर चांगलं काहीतरी येतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं आहे. रोज थोडी ताटली पुढे. काही बोके आठवड्यात दारापाशी पोचतात, काहींना महिना लागतो. तुमच्याकडे पहिली भेट वाईट झाली आहे, तेव्हा जास्त वेळ धरा.

दोन आठवडे उलटून डॉक्टरांनी पिल्लाला हिरवा कंदील दिला, की खोल्यांची अदलाबदल करा. पिल्लू बाथरूममध्ये, आणि बोक्याला त्या खोलीत मोकळं फिरू द्या. नंतर बोका दुसरीकडे आणि पिल्लाला हॉलमध्ये सोडा. ह्याचा एक मोठा फायदा असा, की पिल्लाला पळायच्या जागा आधीच माहीत होतात.

पहिल्यांदा एकमेकांना दाखवताना मध्ये जाळी हवी. बेडरूमच्या चौकटीत मच्छरजाळीची फ्रेम बसवून घेता येते. पुण्यातले जाळीवाले एका दिवसात करून देतात. ती नुसती टेकवून ठेवू नका, कुत्रीने एक धक्का दिला की कोसळेल. जाळीवर अर्ध्यापर्यंत जुनी चादर अडकवा, दोन्हीकडे जेवण, पाच मिनिटं, आणि चादर खाली. दोघं खात असतानाच संपवायचं. काहीतरी बिनसेपर्यंत ताणायचं नाही. बोका फिसकारला तर रागवू नका. 'लांब राहा' हे सांगायची ती सभ्य पद्धत आहे आणि पिल्लाने ती शिकायलाच हवी. काळजी वेगळ्या गोष्टीची करा: अंग ताठ, पापणी न लवता रोखलेली नजर, कान मागे चपटे, शेपटाचं टोक झटके देतंय, घशातून लांब दबका आवाज. असं दिसलं तर मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवून नजर तोडा. हात घालू नका, चिडलेला बोका ज्याला दिसेल त्याला चावतो आणि मांजराचा चावा खोल जाऊन पिकतो.

ह्या सगळ्याच्या जोडीला घराची मांडणी बदलावी लागेल. दोन मांजरांना तीन ट्रे. मला ठाऊक आहे, फ्लॅटमध्ये हे ऐकून लोक कपाळाला हात लावतात. पण तीन ट्रे एका ओळीत ठेवले तर मांजराच्या हिशोबी तो एकच ट्रे झाला, कारण वाटेत एक जण बसला की दुसऱ्याची सोय संपली. एक ड्राय बाल्कनीत (वॉशिंग मशीनच्या लगत नको, ते घुमायला लागलं की मांजर पुन्हा तिकडे फिरकत नाही), एक कॉमन बाथरूममध्ये, एक बेडरूमच्या कोपऱ्यात. पाण्याची भांडीही दोन-तीन ठिकाणी. आणि उंची द्या: कपाटाच्या वरची जागा मोकळी करा, तिथवर जायला एखादं स्टूल, एखादी फळी. जमिनीवर जागा वाढत नाही, पण भिंतीवर वाढते. वरून सगळं दिसत असलं की बोका निम्मा शांत होतो. बाल्कनीला आणि खिडक्यांना कबुतरांची जाळी नसेल तर पिल्लू मोकळं सोडण्याआधी बसवून घ्या. पाठलागाच्या भरात मांजरं कठड्यावरून पडतात. गादी एन्झाइमच्या क्लीनरने धुवा. अमोनिया असलेला क्लीनर नको, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो.

कुत्रीकडे वळू या. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे आणि मला ती बोक्याइतकीच महत्त्वाची वाटते. लॅब्रॅडॉर सहसा मऊ असते, आणि ती एका मांजराबरोबर राहतेच आहे. पण ओळखीचा, शांत चालणारा बोका वेगळा आणि किंचाळत पळणारं मूठभर पिल्लू वेगळं. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे. तीस किलोच्या कुत्रीने खेळात पंजा ठेवला तरी पिल्लाची बरगडी मोडते. शिवाय तीन महिन्यांच्या पिल्लाचं इतर प्राण्यांना सहज स्वीकारायचं वय, म्हणजे साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचं, निघून गेलेलं आहे. पार्किंगमध्ये त्याने कुत्री पाहिली असतील ती पळण्यासाठीच.

दाराच्या फटीशी तिला तासन् तास बसू देऊ नका. तिथे तिची उत्सुकता वाढतच जाते आणि आत पिल्लू दबकून राहतं. तिला तिथून हाक मारून बोलवा, आली की खाऊ द्या. तिची चटई हॉलमध्ये घाला आणि चटईवर पडून राहणं तिला पुन्हा नव्याने शिकवा, पिल्लाशिवाय. मग भेट: संध्याकाळचं लांब फिरणं झालेलं, पोट भरलेलं, गळ्यात पट्टा, पट्ट्याचं टोक मोठ्या माणसाच्या हातात पण सैल. पट्टा ताणून धरला की कुत्रीला कळतं, काहीतरी गडबड आहे. पिल्लू खोलीत आपणहून येईल, कडेवर घेऊन आणायचं नाही. कडेवरचं पिल्लू घाबरलं की तुमच्या गळ्यावरून, तोंडावरून चढून पळतं. कुत्रीने पिल्लाकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे पाहिलं, की लगेच खाऊ. तोंड मिटून, अंग गोठवून एकटक बघत राहिली, थरथरायला किंवा बारीक कुंईकुंई करायला लागली, तर शांतपणे तिला घेऊन बाहेर जा. कुठलंही नाटक न करता. तुम्ही घरी नसताना कुत्री आणि पिल्लू बंद दाराच्या दोन बाजूंना, पिल्लू पूर्ण वाढेपर्यंत. (कारवान किंवा तत्सम शिकारी जातीचा कुत्रा असता तर मी ह्या घरात मांजराचं पिल्लू आणण्याविषयीच फार सावध बोलले असते.)

ती नऊ वर्षांची आहे हे विसरू नका. ह्या वयात लॅब्रॅडॉरचे कंबर-गुडघे दुखतात, आणि दुखणाऱ्या पायावर पिल्लाने उडी मारली तर ती गुरगुरणारच. गुरगुरण्याबद्दल तिला कधीही रागवू नका. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. एकदा तिचे सांधेही तपासून घ्या.

एक गोष्ट दोन्ही प्रकारचे प्राणी असलेल्या प्रत्येक घरासाठी: कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विष आहे. पावसाळ्यात गोचीड वाढले की मेडिकलमधून बाटली आणली जाते, कुत्र्याला लावली जाते आणि मांजर त्याच्या अंगाला अंग घासतं. औषध आणताना घरात मांजर आहे हे सांगा. आणि कुठल्याही मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अर्धीसुद्धा, देऊ नका.

तुमच्यासारखाच प्रश्न कुत्र्यांबाबत विचारणारेही पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन कुत्र्यांची भेट घरात करू नका, एखाद्या शांत गल्लीत करा. दोन माणसं, दोन पट्टे, आधी रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालत जा, हळूहळू अंतर कमी करा. एकमेकांना हुंगू द्या दोन-तीन सेकंद, मग पुढे चला. घरी येण्याआधी जेवणाची भांडी, हाडं, खेळणी उचलून ठेवा. कुत्र्याच्या पिल्लाच्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत चालू असतात, तोवर त्याला टेकडीवर किंवा भटक्या कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नका. सोसायटीच्या स्वच्छ गच्चीवर भेट घडवता येते. दोन माद्या एका घरात आणत असाल तर जास्त सावध राहा, घरातली सगळ्यात चिवट भांडणं मी त्यांच्यात पाहिली आहेत. पक्षी किंवा ससा घरात असेल तर त्यांची मांजराशी ओळख करूच नका. दारं वेगळी, कायमची. मांजराच्या दातांतले जिवाणू पक्ष्याला ओरखड्यातूनही मारू शकतात.

वेळेचंही बोलते. गणपती येत आहेत, पाठोपाठ दिवाळीचे फटाके. ढोल-ताशाच्या त्या दिवसांत कुठलीही नवी पायरी चढू नका, असाल तिथे थांबा. दहा दिवस घरात पाहुणे, सतत उघडं दार. त्या काळात पिल्लाच्या खोलीला कडी लावा आणि बोक्याला त्याची एक बंद, शांत खोली ठरवून द्या. विसर्जनानंतर एक पायरी मागे जाऊन सुरू करा. पिल्लाची नसबंदी पाचव्या महिन्याच्या सुमारास करून घ्या, नर असो वा मादी. लवकर माजावर येणाऱ्या मांजरी चौथ्या महिन्यातही येतात.

आणि रोज बोक्यासाठी तुमचा स्वतःचा वेळ ठेवा, पिल्लाला भेटण्याआधी. त्याला जे माणूस जवळचं त्यानेच. मुलीने पिल्लाकडे बघायचं आणि तुम्ही बोक्याकडे, अशी वाटणी केलीत तर दोघांनाही बरं.

दोनेक महिने हे सगळं मनापासून करूनही बोका लपूनच राहत असेल, वजन उतरत असेल, एकाने दुसऱ्याची ट्रेची वाट अडवलेली असेल किंवा अंगावर जखमा दिसत असतील, तर प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांना दाखवा. काही मांजरांना काही काळ औषधाचा आधार लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही. तरीही जमलं नाही तर पिल्लाला दुसरं घर शोधा. पार्किंगमध्ये परत सोडू नका. दोन महिने घरात राहिलेल्या पिल्लाला तिथे ना जागा राहिलेली असते ना सावधपणा. लसी आणि नसबंदी पूर्ण करूनच द्या, आणि देण्याआधी ते घर स्वतः जाऊन बघा: खिडक्यांना जाळी आहे का, आधीचा प्राणी आहे का, असेल तर त्याच्या लसी झाल्या आहेत का, आणि पहिले दोन आठवडे पिल्लाला बंद दाराची एक खोली मिळेल का.